अल्बाइसिन पायीच चढा

मंडळी, स्पेनमधल्या ग्रानादाला जाणारे बरेचजण अल्हाम्ब्राचा राजवाडा बघतात, मग संध्याकाळी मिनीबसने समोरच्या टेकडीवर सान निकोलासच्या चौकात जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत खाली, म्हणजे अल्बाइसिनला, या टेकडीवरच्या जुन्या मुस्लिम वस्तीत जाऊन अल्बाइसिन बघायचंच राहून जातं, मला याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही खालून, प्लाझा नुएवापासून सुरुवात करा. दारो नदीच्या काठाने चाला, वाटेत 11व्या शतकातलं हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह लागेल, एल बान्युएलो, त्याच्या छताला चांदणीसारखी भोकं ठेवलीयेत त्यातून उजेड आत येतो, ते बघा आणि मग डावीकडे वर जाणारी कुठलीही गल्ली धरा. रस्ता चुकलात तरी चालेल.

चढताना मनात एकच प्रश्न ठेवा, इथे प्यायला पाणी कुठून येत होतं? कारण नदी खाली दरीत आणि वस्ती वर टेकडीवर. तर ते यायचं अल्फाकार गावच्या झऱ्यातून, आयनादामार नावाच्या कालव्याने, डोंगराच्या कडेकडेने, पंप वगैरे काही नाही, फक्त उतार सांभाळून आणलेलं. मग जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचं. ही टाकी बऱ्याचदा मशिदीला लागून असायची, नमाजाआधी हातपाय धुवायला, म्हणजे वजू करायला पाणी हवं ना, आणि आसपासची घरंही तिथूनच भरायची. 1492 मध्ये मुस्लिम राज्य जाऊन ख्रिश्चन राज्य आलं, मशिदींच्या जागी चर्च आली, पण टाकी तिथेच राहिली, पाणी तर सगळ्यांनाच लागतं. म्हणून चर्च दिसलं की आजूबाजूला नीट बघा, भिंतीत विटांची एक बुटकी कमान सापडेल, तिला लोखंडी जाळी, आत अंधार, तेच ते टाकं. अशी वीसहून जास्त टाकी अजून शिल्लक आहेत, त्यातलं सगळ्यात मोठं अल्जिबे देल रेय, साधारण 3 लाख लिटरचं. मला स्वतःला सान निकोलासच्या सूर्यास्तापेक्षा या कमानी जास्त आवडतात.

अजून एक, वर गेल्यावर उंच पांढऱ्या भिंती लागतात आणि त्यांच्यावरून सायप्रसच्या झाडांचे शेंडे डोकावतात. या घरांना कार्मेन म्हणतात, आत बाग असते. फार सुंदर आहेत, पण एवढ्या दाट वस्तीत बागेला जागा आली कुठून, हे विचारायलाच हवं. इथले मुस्लिम आधी सक्तीने ख्रिश्चन केले गेले, मग त्यांची भाषा, कपडे यावर बंदी आली, 1568 मध्ये त्यांनी बंड केलं आणि ते चिरडल्यावर त्यांना ग्रानादातून हाकलून दिलं. घरं ओस पडली, पडझड झाली, मग नव्या मालकांनी शेजारशेजारच्या जागा एकत्र करून भिंती घातल्या आणि आत झाडं लावली. आज ज्या बागेचा आपण फोटो काढतो, तिथे आधी कितीतरी कुटुंबं राहत होती.