चोबेच्या काठी अडीच दिवस

[पाणी, बोटीचं टोक, समोरचा काठ]

इंजिन बंद केलंय. आत्ता फक्त बोटीवर आपटणारं पाणी ऐकू येतंय, थोड्या वेळाने हत्तींचा श्वासही ऐकू येईल.

ही चोबे नदी, बोत्सवानाच्या अगदी उत्तरेला. अंगोलातून येते तेव्हा तिचं नाव क्वांडो, मध्ये लिन्यांती, आणि इथे कसाने गावाजवळ चोबे, पुढे कझुंगुलाला झांबेझीला मिळते. आम्ही सप्टेंबरात गेलो, अडीच दिवसच होते हातात. सप्टेंबरात पावसाचा पत्ता नसतो, जंगलातली सगळी तळी आटलेली असतात, मग दुपारी तीन वाजले की एकेक कळप झाडीतून नदीवर उतरायला लागतो.

[कळप उतारावरून येतोय, धूळ]

पुढे चालतीये ती कळपाची आजी. ती थांबली की सगळे थांबतात. आता बघा, सोंड वर करून वास घेतीये, आमच्या बोटीचाच घेत असणार, आणि मग सावकाश पाय पाण्यात. एक मोठा हत्ती दिवसाला शे-दीडशे लिटर पाणी पितो, म्हणजे ही नदी गाठणं त्यांना टाळताच येत नाही, हे माझ्या डोक्यात तिथेच नीट शिरलं.

[नवरा बोटीत, पाठमोरा]

माझा नवरा दोडामार्ग तालुक्यातला, तिळारीच्या बाजूचा. त्यांच्याकडे हत्ती आले म्हणजे रात्रभर फटाके, डबे वाजवणं आणि सकाळी आडवी झालेली केळी नि माड. पहिल्या दिवशी तो बोटीत सगळ्यात मागे बसला होता. हा शॉट दुसऱ्या दिवशीचा आहे.

[हत्ती पोहतायत, फक्त सोंडा वर]

आणि हे बघायला आम्ही एवढ्या लांब आलो. पाय टेकत नाहीत, अख्खं अंग पाण्याखाली आणि सोंड तेवढी वर, नळीसारखी. पिल्लू मधे आहे, दोन्ही बाजूंनी मोठ्या दोघी. पलीकडे जे हिरवं बेट दिसतंय ना ते सेडुडू, तिथलं गवत खायला चाललेत. नदीपलीकडच्या नामिबियात ह्याच बेटाला कसिकिली म्हणतात. 1890 च्या इंग्रज-जर्मन करारात सीमा नदीच्या मुख्य प्रवाहातून जाते असं लिहिलं, पण बेटाच्या उत्तरेचा प्रवाह मुख्य की दक्षिणेचा हे काही ठरलं नाही. शेवटी दोन्ही देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि 13 डिसेंबर 1999 ला निकाल लागला, उत्तरेचा प्रवाह मुख्य, म्हणून बेट बोत्सवानाचं. बेटावरचा तो निळा झेंडा बोत्सवानाचाच. पूर आला की बेटाचा बराचसा भाग काही महिने पाण्याखाली असतो. हत्तींचा रस्ता मात्र आधीही हाच होता.

[वाळलेली झाडं, सोललेली सालं]

आता ही झाडं बघा. उभी वाळलेली, साल सोललेली. बघणारा लगेच म्हणतो हत्तींनी जंगल संपवलं. आम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण ह्या काठाची गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंतासाठी इथले हत्ती जवळजवळ संपवले गेले, मग 1896 च्या सुमारास बुळकांडी आली, आपल्याकडे गुरांना व्हायची तीच, आणि त्यात रानम्हशी, हरणं पटापट मेली. रोपं खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून काठावर बाभळीच्या जातीची झाडं अशी दाट वाढली. म्हणजे ती दाटी हत्ती नसतानाची होती! मधे इथे सेरोंडेला नावाच्या वस्तीत लाकडाची गिरणीसुद्धा होती, माणसंही झाडं तोडतच होती. 1967 मध्ये नॅशनल पार्क झालं, पुढे ती वस्ती उठली आणि हत्ती हळूहळू परत आले. आज बोत्सवानात 1 लाख 30 हजारांच्या आसपास हत्ती आहेत. ते आपल्या जुन्या घरी आलेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

पार्कच्या पश्चिमेला गावं आहेत, तिथे पिकात हत्ती शिरतात, माणसंही दगावतात.

[कसानेचा रस्ता, हत्ती रस्ता ओलांडतायत]

कसाने आणि कझुंगुलाच्या मधे नदीकडे जायला मोकळ्या पट्ट्या सोडल्यात, तिथे बांधकाम करायचं नाही. गाड्या थांबल्यात, कोणी हॉर्न देत नाहीये. अशा पट्ट्या राहायलाच हव्यात, इथे आणि तिळारीतही.

[मत्स्यगरुड, बी-ईटरची बिळं, पाणघोडे]

हा फिश ईगल. हे लाल बी-ईटर पक्षी, काठाच्या मातीत बिळं करतात. पाणघोड्यांपासून बोट लांबच ठेवतात.

[संध्याकाळ, कळप परत येतोय]

अंधार पडायच्या आत बोटींना पार्कबाहेर पडावं लागतं. ही शेवटची क्लिप नवऱ्याने काढलीये, हात थोडा हललाय, पण तशीच ठेवली.