पाच फूट नऊ इंचांचा लाइनबॅकर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे अमेरिकन फुटबॉलमधल्या एका खेळाडूविषयी, आणि तेही मुख्यतः त्याचं नाव होण्याआधीच्या वर्षांविषयी. खेळाडूचं नाव सॅम मिल्स. २०२२ साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी, या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. तो दिवस पाहायला तो स्वतः नव्हता. २००५ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी कर्करोगानं तो गेला होता. त्याच्या वतीनं त्याची पत्नी मेलनी बोलली. या सन्मानाच्या चाळीस वर्षं आधी हाच माणूस न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंज हायस्कूलमध्ये मुलांना सुतारकाम आणि छायाचित्रण शिकवत होता, शाळेच्या फुटबॉल संघाला तयार करायला हातभार लावत होता. आणि व्यावसायिक फुटबॉलचं दार त्याच्या तोंडावर बंद झालेलं होतं.

का, ते सांगण्याआधी हा लाइनबॅकर म्हणजे कोण, ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत, खुद्द न्यू जर्सीत तर मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हा खेळ टीव्हीवर दिसतो. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नुसती ढकलाढकली वाटतो. तसा तो नाही. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे ते पुढे सरकणार, बाकीचे त्यांना अडवणार. अडवणाऱ्यांची पहिली रांग असते धिप्पाड गड्यांची, समोरच्याला थेट भिडणारी. तिच्या मागे चार-पाच यार्डांवर उभे असतात ते लाइनबॅकर. चेंडू घेऊन पळणारा पहिल्या रांगेतून निसटला तर त्याला आडवा करायचा यांनी. चेंडू हवेतून फेकला तर मागे धावत जाऊन झेलणाऱ्यावर पहारा ठेवायचाही यांनीच. आणि यातला जो मधला असतो, तो मैदानावरचा सेनापती. प्रशिक्षकाच्या सूचना तो घेतो, बाकीच्या दहा जणांना जागा लावून देतो, आणि समोरची मांडणी बदलली की शेवटच्या क्षणी आरडाओरडा करून आपलीही बदलतो.

या जागेवर खेळणारा माणूस त्या काळीही सहसा सहा फूट दोन-तीन इंच उंच असायचा. सॅम मिल्स होता पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे एवढी उंची म्हणजे चांगलीच भरली उंची. तिकडे मात्र त्याला सगळे बुटका म्हणत.

मिल्सचा जन्म १९५९ चा, न्यू जर्सीच्या नेपच्यून गावचा. शाळा लाँग ब्रँच या समुद्रकाठच्या गावात झाली. मोठ्या फुटबॉल विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. तो गेला माँटक्लेअर स्टेट कॉलेजात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाच्या पायऱ्या आहेत, त्यात हे कॉलेज तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या श्रेणीतलं. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम्स नाहीत, टीव्हीचे कॅमेरे नाहीत. तिथे मिल्सनं आपल्या कारकिर्दीत ५०१ टॅकल केले. म्हणजे पाचशेहून जास्त वेळा चेंडू घेऊन येणारा माणूस जमिनीवर आणला. हा त्या कॉलेजचा विक्रम ठरला.

मग आलं १९८१ साल. एनएफएल ही तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. दर वर्षी कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड तिथले संघ आळीपाळीनं करतात. त्या वर्षी २८ संघ होते आणि १२ फेऱ्या झाल्या. तीनशेहून जास्त तरुणांची नावं पुकारली गेली. लाइनबॅकरांच्या बाबतीत तर ते वर्ष सोन्यासारखं होतं. दुसऱ्याच क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सनी लॉरेन्स टेलरला घेतलं. या खेळाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ बचावपटू म्हणून आजही अनेकजण त्याचंच नाव घेतात. दुसऱ्या फेरीत शिकागोनं माइक सिंगलटरीला घेतलं, न्यू ऑर्लीन्सनं रिकी जॅक्सनला. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्याच वर्षाचा चौथा माणूस सॅम मिल्स. बाराव्या फेरीतलं शेवटचं नाव वाचून झालं, तरी त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

निवड न झालेल्यांनाही सराव शिबिराला बोलावतात. क्लीव्हलंड ब्राउन्सनी मिल्सला बोलावलं. तो खेळला, नजरेत भरला, आणि मोसम सुरू होण्यापूर्वी त्याला काढून टाकलं. पुढच्या वर्षी त्यानं कॅनडा गाठलं. तिथला फुटबॉल थोडा वेगळा आहे: बारा खेळाडू, आणि मैदान अमेरिकेपेक्षा रुंदीला सुमारे बारा यार्डांनी जास्त. टोरंटो अर्गोनॉट्स संघानंही त्याला ठेवला नाही. दोनदा नकार खाल्लेला, तेवीस वर्षांचा, घरसंसाराची काळजी असलेला माणूस. रंधा, करवत, डार्करूम आणि शाळेच्या मैदानावरची पोरं, हे आयुष्य त्याला पुरलं असतं.

इथे मला जरा थांबायचं आहे. निवडणारे लोक मूर्ख नव्हते. मोजता येईल ते सगळं ते मोजत होते. उंची फूट-इंचात मोजता येते, वजन काट्यावर, वेग घड्याळावर. पण लाइनबॅकरचं अर्ध्याहून जास्त काम चेंडू हलण्याआधीच होतं, आणि ते मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं. समोरच्या संघाच्या पहिल्या रांगेतला गार्ड, म्हणजे आपल्या माणसाला वाट करून देणारा गडी, जमिनीवर बोटं टेकवून वाकलेला असतो. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसली, तर शरीराचा भार पुढे आहे. तो धक्का मारत पुढे येणार, म्हणजे धावण्याची चाल. बोटं नुसती टेकलेली, भार टाचांवर असेल, तर तो मागे सरकून चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणार. म्हणजे चेंडू फेकला जाणार. तोच गार्ड एका बाजूला झुकलेला दिसला तर चाल बहुधा त्या बाजूची. हे सगळं दीड-दोन सेकंदांत ओळखायचं, सहकाऱ्यांना ओरडून सांगायचं, आणि चेंडू हलला की पहिलंच पाऊल बरोबर टाकायचं. ते चुकलं तर कितीही वेगवान माणूस उशिराच पोचतो. पहिलं पाऊल बरोबर पडलं तर चाळीस यार्डांच्या धावेत दहाव्या हिश्शाच्या सेकंदानं मागे पडणारा गडीसुद्धा वेळेवर हजर असतो. मिल्सचं पहिलं पाऊल बरोबर पडायचं. समोरच्या संघाच्या फिल्म पाहून अभ्यास करण्यात तर तो पुढे सगळ्या लीगमध्ये नावाजला गेला.

आणि त्याच्या कमी उंचीचं काय? कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. चढाईपटूला थोपवायचा तर कमरेत वाकून, खालून धरावा लागतो. उभ्यानं धरायला जाणारा त्याच्यासोबत रेषेपर्यंत ओढला जातो. फुटबॉलमध्येही दोघं भिडले की ज्याचा खांदा खाली तो जिंकतो. सहा फूट चार इंचांच्या गार्डला मिल्सच्या खाली जायला कंबर मोडावी लागे. मिल्स तिथे आधीच असायचा, शंभर किलोंहून जास्त वजनाचा, आखूड आणि दणकट पायांवर. ज्याला उणीव म्हणून कागदावर लिहिलं गेलं, ती या एका कामात त्याची ताकद होती.

पण ती दाखवायला मैदान हवं ना! ते मिळालं एका नव्या लीगमुळे. युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, म्हणजे यूएसएफएल, १९८३ च्या मार्चमध्ये सुरू झाली. कल्पना साधी होती: एनएफएल शरद ऋतूत खेळते, तर आपण वसंतात खेळू. बारा संघ होते. त्यातल्या फिलाडेल्फिया स्टार्सना खेळाडू हवे होते. त्यांच्या प्रशिक्षकाचीही तीच तऱ्हा. आधी नेमलेला माणूस मोसमाच्या तोंडावर एका विद्यापीठात निघून गेला, आणि घाईनं जिम मोरा यांना बोलावण्यात आलं. या मोरांनी मिल्सला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनाही तो बुटकाच वाटला. फरक एवढाच, की त्यांनी त्याला खेळताना रोज पाहिलं, आणि काढून टाकायला कारण सापडेना, तेव्हा काढून टाकलं नाही. पुढे अनेक वर्षांनी, कितीतरी मोठे खेळाडू हाताखालून गेल्यावर, मोरा सांगत राहिले की आपण घडवलेल्या खेळाडूंत मिल्स सर्वांत उत्तम. स्टार्समध्ये त्याला ‘फील्ड माउस’ म्हणू लागले. शेतातल्या उंदरासारखा खालून कुठूनही निघायचा.

स्टार्सचा पहिला मोसम: १५ विजय, ३ पराभव. उपांत्य सामन्यात शिकागो ब्लिट्झविरुद्ध ते १७-३८ असे मागे पडले होते, तिथून वर येऊन जादा वेळेत ४४-३८ नं जिंकले. अंतिम सामना मात्र डेन्व्हरमध्ये मिशिगन पँथर्सकडून दोनच गुणांनी हरले. दुसऱ्या वर्षी १६ विजय आणि २ पराभव, आणि टँपामध्ये अॅरिझोनाला २३-३ असं हरवून अजिंक्यपद. अंतिम सामन्यात समोरच्याला फक्त तीन गुण! बचाव फळीचा याहून चांगला दाखला नाही.

तिसरं वर्ष सगळ्यांत कठीण, आणि मला तेच सर्वांत आवडतं. लीगचे आर्थिक हाल सुरू झाले होते. काही मालकांनी, त्यात न्यू जर्सी जनरल्सचे डोनाल्ड ट्रम्प पुढे होते, मोसम वसंतातून शरदात नेऊन एनएफएलशी सरळ टक्कर घ्यायचं ठरवलं. फिलाडेल्फियात शरदात जागा नव्हती, म्हणून संघ बाल्टिमोरच्या नावावर गेला. त्या मोसमात सराव फिलाडेल्फियात, सामने मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर. आपल्याच घरच्या सामन्याला दूरचा प्रवास करून जायचं. १० विजय, ७ पराभव, १ बरोबरी अशा रखडत्या कामगिरीनं ते बाद फेरीत पोचले, आणि मग तिथे न्यू जर्सी, बर्मिंगहॅम आणि शेवटी ओकलंड अशा तिन्ही संघांना हरवलं. ओकलंडविरुद्धचा सामना २८-२४. सलग दुसरं अजिंक्यपद. मिल्स तिन्ही वर्षं लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

लीग पुन्हा खेळलीच नाही. एनएफएलविरुद्ध तिनं भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात १९८६ च्या जुलैमध्ये ज्यूरीनं तिच्या बाजूनं कौल दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट करून तीन डॉलर. या लीगला हसणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. ज्या संस्थेमुळे सॅम मिल्सला खेळायला मिळालं, ती वाया गेली असं मी म्हणू शकत नाही. त्याच्यासारखे कितीतरी जण त्या तीन वर्षांत उजेडात आले.

जिम मोरांना तोवर न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी प्रशिक्षक म्हणून नेमलं होतं. त्यांनी मिल्सला सोबत नेलं. एनएफएलचा पहिला सामना तो खेळला तेव्हा त्याला २७ वर्षं पूर्ण झाली होती. इतर लाइनबॅकर या वयात कारकिर्दीच्या मध्यावर असतात. आणि संघ कसा मिळाला? १९६७ पासून खेळणाऱ्या सेंट्सचा वीस वर्षांत एकही मोसम पराभवांपेक्षा जास्त विजयांचा नव्हता. १९८० साली तर तिथले चाहते डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसत, तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून.

१९८७ साली, खेळाडूंच्या संपामुळे एक सामना कमी झालेल्या मोसमात, सेंट्स १२ सामने जिंकले आणि ३ हरले. शेवटचे नऊ ओळीनं जिंकले. संघाच्या इतिहासातला पहिला विजयी मोसम, पहिल्यांदाच बाद फेरीत प्रवेश. त्या बाद फेरीत मिनेसोटानं त्यांना ४४-१० असं झोडपलं, तेही घरच्या मैदानावर. पण शहर त्या वर्षाला विसरलेलं नाही. मिल्स त्या वर्षी पहिल्यांदा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्याच्या एका बाजूला खेळत होता रिकी जॅक्सन, १९८१ साली दुसऱ्या फेरीत घेतलेला तोच. सोबत व्हॉन जॉन्सन, तोही यूएसएफएलमधून आलेला, आणि पॅट स्विलिंग. या चौघांना लोक ‘डोम पट्रोल’, म्हणजे घुमटाच्या स्टेडियमची गस्त, म्हणत. १९९२ च्या मोसमासाठी एकाच संघाचे हे चारही लाइनबॅकर प्रो बोलमध्ये निवडले गेले. असं आधी कधी झालं नव्हतं.

मिल्स एनएफएलमध्ये बारा मोसम खेळला. शेवटची तीन वर्षं कॅरोलायना या नव्या संघात. त्या संघानं आपल्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला.

त्या काळातल्या सेंट्सच्या सामन्यांची चित्रणं आज इंटरनेटवर सहज मिळतात. पाहाल तर एक करून बघा: चेंडूकडे पाहू नका. ५१ नंबरच्या काळ्या जर्सीवर नजर ठेवा, आणि चेंडू हलण्याआधीचे दोन सेकंद पाहा. तो हात करून कुणाला तरी डावीकडे सरकवतो, स्वतः अर्धं पाऊल उजवीकडे होतो, आणि पुढच्या क्षणी चाल नेमकी तिथेच येते.

नमस्कार.