ड्रॉवरमधली पाकिटं

हा ड्रॉवर बघा. उघडताना अडकतोय, कारण आत कर्जाच्या बिलांची, नोटिसांची पाकिटं कोंबलीयेत आणि त्यातली निम्मी तर फोडलेलीसुद्धा नाहीत. ज्यांचं हे घर आहे त्यांनी ही फिल्म करू देताना आम्हाला दोनच अटी घातल्या होत्या, चेहरे दाखवायचे नाहीत आणि खरे आकडे सांगायचे नाहीत. त्यामुळे तुम्हाला पूर्ण वेळ हातच दिसणारेत. नवरा-बायकोचे हात. त्याचे पाकिटं फोडतायत, तिचे वहीत रकाने आखतायत.

एकूण कर्ज किती, असं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "असेल काहीतरी." ती म्हणाली, "मला कुठे माहितीये." एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून. मला विचाराल तर खरं दुखणं इथेच असतं, व्याज नंतर येतं.

(फोन थरथरतो. उलटा ठेवला जातो. इथे दहा सेकंद निवेदन नाही.)

तिने आखलेले रकाने जरा झूम करून दाखवतो. कोणाचं कर्ज, मुद्दल किती उरलं, व्याजदर किती, हप्ता किती, तारण काय, जामीनदार कोण. सहा ओळी भरल्या. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, एक गाडीचं, एक घरातल्या वस्तूसाठी हप्त्यावर घेतलेलं, आणि बहिणीकडून घेतलेले हातउसने, जे कुठल्याच पाकिटात नव्हते, ते त्याने सगळ्यात शेवटी सांगितले. जामीनदाराच्या रकान्यात एका मित्राचं नाव आलं. पेन तिथे थांबलंय ते दिसतंय.

आता कार्डाकडे येऊ. खरे आकडे नाहीत म्हणून हिशेबाला सोपं असं एक लाख धरू आणि व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६. काहीच भरलं नाही तर २४ महिन्यांत त्याचे दोन लाखांच्या वर होतात, दंड वगैरे न धरता. पण आपण भरतो की! दर महिन्याला स्टेटमेंटवर छापलेली 'किमान रक्कम', समजा थकलेल्या रकमेच्या ५ टक्के. हा तिच्या हातातला कॅल्क्युलेटर बघा, तिने हे तीनदा करून पाहिलं. वर्षभर नेमाने भरल्यावर खिशातून गेले साधारण ५५ हजार आणि कर्ज उतरलं २३ हजार. बाकीचे ३२ हजार व्याजात गेले. शिवाय गंमत अशी की कर्ज जसं उतरतं तशी ही किमान रक्कमही उतरत जाते, आपल्याला वाटतं चला भार कमी होतोय, आणि त्यामुळेच ते संपत नाही. असंच चालू ठेवलं तर एक लाखाचे पन्नास हजार व्हायलाच ३२ महिने लागतात.

मग तिने दुसरा हिशेब मांडला. कार्ड वापरणं बंद, आणि पहिल्या महिन्यात जे पाच हजार गेले असते तेच पाच हजार दर महिन्याला, कमी न करता. ३१ महिने. निम्मं नाही, सगळं कर्ज ३१ महिन्यांत शून्य. कार्ड तेच, व्याज तेच, फक्त 'किमान' या शब्दाकडे बघायचं नाही. हे मोठ्या अक्षरात स्टेटमेंटवर छापायला काय हरकत आहे, असा प्रश्न मला अजूनही पडतो.

वस्तूच्या हप्त्याचं पाकीट त्याने फोडलं तेव्हा तो म्हणाला हे तरी स्वस्तातलं आहे. कागदावर १२ टक्के लिहिलंय खरं, पण ते फ्लॅट आहे. म्हणजे तीन वर्षं पूर्ण रकमेवर व्याज, तुम्ही अर्धं फेडलंत तरी मूळच्या रकमेवरच. एक लाखाला ३६ हजार व्याज, ३६ हप्ते. हेच उतरत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच, मोजलं तर दर जातो २१ टक्क्यांच्या आसपास. तिने रकान्यात १२ खोडून २१ लिहिलं.

आधी कुठलं फेडायचं यावर दोघांचं वाजलं. तो म्हणत होता छोटं आधी मारू, एक ओळ तरी खोडली जाईल, बरं वाटेल. ती म्हणत होती सगळ्यात जास्त व्याजाचं आधी. गणित तिच्या बाजूने आहे, पण मन त्याच्या बाजूने असतं, आणि मधेच कंटाळून सोडून दिलेल्या गणिताचा तसाही उपयोग नाही. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे आणि उरलेला सगळा पैसा एकाच ओळीवर ओतायचा, एवढं दोघांनाही मान्य होतं. तिची बाजू जिंकली, कार्ड आधी.

(भिंतीवर कागद चिकटवताना. टेप तुटतो, परत लावतात.)

याच आठवड्यात फोन यायला लागले. सगळी कर्जं एकत्र करून देतो, हप्ता निम्मा. ऐकायला काय गोड वाटतं. तर याचाही हिशेब करून बघू. एक लाख, १८ टक्क्यांनी, तीन वर्षं: हप्ता ३,६०० च्या आसपास, एकूण व्याज साधारण ३० हजार. तेच १३ टक्क्यांनी, सात वर्षं: हप्ता १,८०० च्या आसपास, खरंच निम्मा, आणि व्याज जवळपास ५३ हजार. दर पाच टक्क्यांनी कमी झाला आणि व्याज २३ हजारांनी वाढलं. एकत्र करणं वाईट नाही, ३६ टक्क्यांचं कार्ड कमी दराच्या कर्जाने बंद केलं आणि मुदत ताणली नाही तर चांगलंच आहे. पण मग ते रिकामं झालेलं कार्ड कात्रीने कापावं लागतं, नाहीतर वर्षभरात नवं कर्जही असतं आणि कार्डही परत भरलेलं असतं. अजून एक, तारण नसलेलं कार्डाचं कर्ज फेडायला घर तारण ठेवून कर्ज काढणं. व्याज कमी लागतं कारण आता घर पणाला आहे. ती ऑफर आली तेव्हा तिने वही मिटली, तो शॉट आम्ही ठेवलाय.

'कर्ज निम्मं करून देतो, आधी फी भरा' वालेही आले. अमेरिकेत २०१० साली फोनवरून अशा सेवा विकणाऱ्यांना काम व्हायच्या आधी फी घ्यायला बंदी घालावी लागली, त्यावरून काय ते समजा.

आता जरा लांब जाऊ. हा फोटोतला काळा दगड बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचा, इसवी सनापूर्वी साधारण १७५० चा, १९०१ मध्ये आजच्या इराणमधल्या सुसा इथे सापडला, सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर कोरलेल्या कायद्यांत ४८ वा कायदा असा की वादळाने किंवा दुष्काळाने पीक गेलं तर शेतकऱ्याने त्या वर्षी धान्य द्यायचं नाही, व्याज नाही, आणि कराराची मातीची पाटी पाण्यात भिजवायची. कल्पना करा, पाटी मऊ झाली, की करारात बदल करायचा. ११७ वा कायदा म्हणतो, कर्जापायी बायको किंवा मुलं सावकाराकडे राबायला दिली असतील तर तीन वर्षं, चौथ्या वर्षी त्यांची सुटका. क्रूर आहेच, पण शेवटची तारीख आहे. साडेतीन हजारांवर वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं की कर्जाला कुठेतरी तळ लागतो. आणि त्यानंतर कितीतरी शतकं कर्जदाराला तुरुंगात टाकायची पद्धत होतीच, इंग्लंडमध्ये तर १८६९ च्या कायद्यापर्यंत. आत बसलेल्या माणसाने कमवायचं कसं आणि फेडायचं कसं हे कोणी विचारत नव्हतं.

हे सगळं सांगायचं कारण, 'दिवाळं' हा शब्द निघाल्यावर त्याने मान फिरवली होती. आपल्या भाषेत तो शिवीसारखाच वापरतात. पण बऱ्याच देशांत ती कायद्याने घालून दिलेली वाट आहे. कोर्टासमोर सगळी मालमत्ता आणि सगळं कर्ज मांडायचं, देता येईल तेवढं द्यायचं, उरलेलं माफ. नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे हे वकिलाकडे बसूनच ठरवायचं असतं. दोघं तिकडे जाऊन आले. तिथे दोन गोष्टी कळल्या. एक, पोटगी, दंड, फसवून घेतलेलं कर्ज असलं काही सहसा माफ होत नाही. दुसरी, तुम्ही सुटलात म्हणून जामीनदार सुटत नाही. वहीतल्या त्या मित्राचं नाव आठवा. ती वाट त्यांनी बाजूला ठेवली, पण बघून ठेवली, फाडली नाही.

(गाडी धुताना. मग किल्ली टेबलावर. मग रिकामी जागा. निवेदन नाही.)

गाडी विकली. तिच्यावर उरलेलं कर्ज तिच्या किमतीपेक्षा कमी होतं म्हणून जमलं, घेणाऱ्याने आधी कर्ज चुकतं केलं, ना-हरकत पत्र आलं, उरलेली रक्कम यांच्या हातात. त्यातून महिनाभराचा खर्च बाजूला ठेवला, कारण ती उशी नसेल तर पहिल्याच आजारपणाला परत कार्ड बाहेर येतं, आणि बाकी सगळे पहिल्या कार्डावर. ते बंद. मग गाडीचा जो हप्ता वाचला तो, अधिक पहिल्या कार्डाला जे जात होतं ते, सगळं मिळून पुढच्या ओळीवर. त्याचा कामावर जायचा वेळ वाढला, ते आलंच.

पर्सनल लोनवाल्यांना त्याने स्वतः फोन केला. हप्ता चुकायच्या आधी. हे महत्त्वाचं आहे, चार हप्ते थकल्यावर बोलणारा माणूस आणि थकायच्या आधी बोलणारा माणूस यांच्याशी समोरचा सारखा बोलत नाही. त्याने उत्पन्न किती, खर्च किती, किती भरू शकतो, एका कागदावर लिहून नेलं. हप्ता थोडा कमी करून मिळाला.

दुसऱ्या कार्डाचं मात्र थकून बरेच महिने झाले होते, तिथे तडजोड झाली, थकलेल्यातला काही भाग भरायचा, उरलेला माफ. आत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून हा फक्त दरवाजा. पैसे भरायच्या आधी लेखी पत्र घेतलं, 'पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेलं, आणि भरल्यावर बाकी नसल्याचं पत्र. कर्जाच्या रेकॉर्डवर 'बंद' ऐवजी 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटवलं, असा शेरा राहतो, काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं, काही देशांत माफ झालेल्या रकमेवर करही लागू शकतो.

हा शेवटच्या दिवसाचा ड्रॉवर. पाकिटं आहेतच, पण फोडलेली, प्रत्येकावर तिच्या अक्षरात तारीख. भिंतीवरच्या सहा ओळींतल्या तीन खोडल्यात. बहिणीच्या ओळीत व्याजदराच्या जागी शून्य आहे आणि पुढे त्याच्या अक्षरात लिहिलंय, "या रविवारी जाऊन सांगणे."

(फोन वाजतो. हात पुढे येतो. आवाज चालू राहू दे.)