दुखतो वरचा भाग, कमी पडतो खालचा: समलंबक स्नायूविषयी

डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा, मानेच्या बाजूच्या मांसल भागावर. आता उजवा खांदा कानाकडे उचला. बोटांखाली जो घट्ट झाला, तो ट्रॅपिझियस, मराठीत समलंबक. बहुतेकांना तो एवढाच वाटतो, कारण दुखतो एवढाच. पण तो कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून निघतो आणि मणक्यांना धरून पार बरगड्या संपतात तिथपर्यंत उतरतो. बाहेरच्या बाजूला तो हासळीच्या हाडाला आणि खवाट्याला, म्हणजे खांद्याच्या पात्याला, चिकटतो. दोन्ही बाजूंचे मिळून पाठीवर पतंगच दिसतो.

वरचा भाग खांदा उचलतो, मधला खवाटे जवळ आणतो, खालचा त्यांना खाली ओढतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण ६० अंश खवाटा फिरण्यातून मिळतात. तो फिरवायला वरचा आणि खालचा भाग एकाच वेळी ओढ देतात. खालचा ढिला पडला की वरच्यावर सगळा भार येतो आणि खांदा कानाला जाऊन भिडतो. मालीश केल्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. मालीश वाईट नाही, पण तिने ताकद येत नाही.

पोळ्या लाटताना स्वतःकडे बघा. ओटा उंच असेल तर प्रत्येक पोळीला खांदे वर चढतात. लाटण्याची जागा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवी. ओटा कमी करता येत नसेल तर पायाखाली पक्कं, न हलणारं पाट घ्या. संगणकापुढे बसल्यावर कोपरं टेकलेली असावीत.

आता खालच्या भागाचा व्यायाम. पालथे झोपा, कपाळाखाली टॉवेलची घडी. हात डोक्याच्या वर तिरके पसरा, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे, अंगठे छताकडे. आधी खवाटे कमरेकडे सरकवा, मगच हात जमिनीपासून दोन-तीन इंच उचला. तीन सेकंद थांबा, सावकाश खाली. आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. खांदे कानाकडे पळाले, तर काम पुन्हा वरच्यानेच केलं असं समजा. हात कमी उचला. सुरुवातीला वजन नको. बारा वेळा सहज जमलं की अर्ध्या लिटरची भरलेली बाटली.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी: २०११ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या लोकांनी रबरी पट्टी ओढून हात बाजूला उचलण्याचा व्यायाम रोज दोन मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस केला. दहा आठवड्यांत दुखणं कमी झालं. दिवसाला बारा मिनिटं करणाऱ्यांनाही फायदा झाला, पण दोन मिनिटंही पुरेशी ठरली.

ताण द्यायचा तर उजव्या बाजूसाठी उजवा हात मांडीखाली दाबा, डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवा, चेहरा जरासा उजवीकडे वळवा. वीस-तीस सेकंद, तीन वेळा. हाताने डोकं खेचू नका.

हातात मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल किंवा दुखणं पडल्यावर सुरू झालं असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. खांद्याबरोबर छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर तडक दवाखाना. आणि मानेतली गाठ काढल्यानंतर त्या बाजूचा खांदा खाली लोंबू लागला, हात बाजूने वर जाईना, तर या स्नायूला चालवणारी अकरावी कपालचेता, म्हणजे कवटीतून निघणारी नस, दुखावलेली असू शकते. टाके दुखतात म्हणून असेल, असं म्हणून वाट बघू नका. त्याच आठवड्यात सर्जनना हात उचलून दाखवा.