जुनापाणीमार्गे गोल फेरी

मंडळी, विषय जाहीर झाला आहे ‘नागपूरजवळची एक सोपी गोल सायकलफेरी’. पत्रिकेत ४० मिनिटं लिहिली होती, त्यातली १५ सत्कारात गेली. शाल उत्तम आहे. मे महिन्यात, नागपुरात, पण उत्तम आहे.

आधी माझं दुखणं सांगतो, मग रस्ता. रविवारी पहाटे आपले सायकलवाले काटोल रोडनं निघतात, कुठंतरी तर्री-पोहे खातात आणि आल्या रस्त्यानं परत येतात. चौकात भेटले की एकच प्रश्न, ‘आज किती झाले?’ काय दिसलं, हे कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून मी म्हणतो, फेरी गोल असावी. आल्या वाटेनं परतायचंच नाही म्हटलं, की मुख्य रस्ता सोडावा लागतो, गावात शिरावं लागतं, पारावरच्या माणसाला वाट विचारावी लागते.

निघायचं शून्य मैलापासून. तो देशाचा मध्यबिंदू, असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. तो खांब मुळात त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या देशाच्या मोजणीतला. शेजारच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. दशांशापुढं तीन आकडे! आमच्या कॉलनीत पाण्याचं मीटरसुद्धा इतकं नेमकं नाही. पण तिथं फोटो काढला जातो तो चार घोड्यांच्या पुतळ्यांचा. घोडे लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आता माझे व्याही. ते पुण्याचे. हसू नका, मी अजून काहीच बोललो नाही. तर व्याही आले हिवाळ्यात. म्हणाले, ‘तुमच्याकडे ऐतिहासिक असं काही नाही ना फारसं?’ व्याह्यांना उलट उत्तर देता येत नाही. घरून सक्त ताकीद होती. मी त्यांना शेजाऱ्याची सायकल दिली आणि काटोल रोडला काढलं. जुनापाणीला आलो. उघडं माळरान, गवत, आणि त्यात मोठमोठ्या दगडांची वर्तुळं. अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत तिथं. व्याह्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, ‘इथं बघायचं काय?’ आणि सायकल टेकवली त्यातल्याच एका दगडाला.

तिकडून गुरं वळणारा म्हातारा ओरडला, ‘ओ जी, थे गाडी काढा तिथून! खाली माणूस हाये!’

व्याही घाबरून दहा पावलं मागं सरले. त्यांना वाटलं, कोणी झोपलंय. झोपलंयच म्हणा, अडीच हजार वर्षांच्या आसपास. ही लोहयुगातली दफनं आहेत. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथं खोदलं, तेव्हा लोखंडी हत्यारं, अवजारं, कडी आणि घोड्याचे लगाम निघाले. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेत. ते कशासाठी, यावर विद्वान अजून भांडताहेत. ते खळगे दाखवायला तो म्हाताराच पुढं झाला. व्याही गुडघ्यावर बसून खळगे मोजू लागले. मग म्हणाले, ‘आमच्याकडे याला कुंपण, तिकीट आणि माहितीफलक असता.’ म्हातारा म्हणाला, ‘मंग गुरं कुठं चारता जी?’

मला हा प्रसंग इतका आवडतो की...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. पळतो.

शून्य मैलावरून सिव्हिल लाइन्स, फुटाळा तलाव. हा भोसल्यांच्या काळातला. पुढं तेलंगखेडी, सेमिनरी हिल्सच्या झाडीतून काटोल नाका. शहरातला चढ म्हणावा असा एवढाच. मग गोरेवाड्याचं जंगल. तिथं बिबटे आहेत, तेव्हा पुरतं उजाडल्यावर निघा. प्राणिसंग्रहालय २०२१ मध्ये उघडलं, तो वेगळा दिवस ठेवा. जुनापाणी, फेटरी, आणि तिथून महुरझरी. तिथंही दगडांची वर्तुळं आहेत. नागपूर विद्यापीठानं १९७० ते ७२ दरम्यान उत्खनन केलं. मालकाबरोबर पुरलेले घोडे सापडले, त्यांच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने सापडले. हेच ते घोडे. शून्य मैलावरच्यांपेक्षा कितीतरी जुने आणि एकाही सेल्फीत नसलेले. कार्नेलियन नावाच्या दगडाचे लाल मणीही इथं घडवत असत.

महुरझरीहून मागं वळायचं नाही. गोधनीची वाट विचारायची. परहाटी म्हणजे कपाशी, तूर, मधूनच संत्र्याची बाग. संत्रं तोडायचं नाही, विकत मागायचं. आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुललेली, संत्री थंडीत असतात, म्हणून डिसेंबर बरा. पावसाळ्यात ही फेरी नको. काळी माती चाकात आणि मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल आपल्यालाच उचलून आणावी लागते. गोधनी, मानकापूर, सदर, की परत शून्य मैल. सगळं मिळून ३५-४० किलोमीटर. गिअर नसले तरी चालतं, माझ्या सायकलला नाहीत.

पाणी दोन बाटल्या, पंक्चरचं सामान स्वतःचं. प्रश्न बाहेर चहाजवळ विचारा, अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत.