पियानोच्या तारा आणि मुंबईची हवा

जुलै महिना. वांद्र्यातलं एक जुनं घर. पियानोची पुढची फळी काढलेली आहे आणि आत एक लहानसा दिवा जळतोय. उजेडासाठी नव्हे, ओल धरू नये म्हणून. समुद्राकाठी पियानो बाळगणाऱ्यांचा हा जुना इलाज.

पट्ट्या ८८, पण तारा सुमारे २३०. खर्जातल्या स्वराला एकच तार: पोलादी, वरून तांबं गुंडाळलेली. पुढे स्वरामागे दोन आणि मग थेट वरपर्यंत तीन-तीन. साऱ्यांचा मिळून ताण १८ ते २० टन! तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते. पियानो जिन्यावरून चढवताना हमालांचा घाम निघतो तो हिच्यामुळे.

सूर बिघडला की बोल तारांना लागतो. खरा उपद्व्यापी त्यांच्यामागचा साउंडबोर्ड. स्प्रूसच्या लाकडाचा हा पातळ फळा दमट हवेत फुगतो, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, म्हणजे घोडी, पुढे रेटतो. तारा ताणतात, सूर चढतो. हवा कोरडी पडली की उतरतो. सगळे स्वर सारखेच चढले असते तर एकवेळ चाललं असतं. पण मधले जास्त चढतात, खर्जातले कमी.

ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारा कारागीर, एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन तारांना पाचर लावून गप्प करतो. उरलेली सुरात आणतो, मग दुसरी मोकळी करतो. दोघींत जरासा फरक असला तरी आवाज हेलकावे खातो. खुंटी केसभर फिरते, हेलकावे लांबत जातात आणि थांबतात. तंबोऱ्याची जोडी ज्यानं मिळवलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. मात्र तंबोरा गवई स्वतः लावतो. पियानोवाल्याला ट्यूनरची वाट बघावी लागते.

वर्षानुवर्षं न लावलेला पियानो एका दमात वर खेचायचा नसतो. गंजलेली तार खुंटीच्या वळशापाशी तुटते. खर्जाची असेल तर तिच्या मापाची नवी गुंडाळून घ्यावी लागते, आणि नवी तार कित्येक महिने सूर सोडत राहते. पियानोवर पाण्याची फुलदाणी ठेवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

जुना पियानो स्वस्तात मिळतोय? पॉलिश मागाहून बघा. आधी खुंट्या घट्ट आहेत का ते तपासून घ्या. तारा बदलता येतात. खुंट्या धरणारी फळीच चिरली असेल, तर दुरुस्तीचा खर्च पियानोच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.