एनएव्ही कुठे चुकते: म्युच्युअल फंडाच्या अंतर्गत नियंत्रणांचं ऑडिट

नमस्कार. समोर आर्टिकलशिप करणारे बरेच जण दिसताहेत, म्हणून आधी कायद्यातला एक घोळ निस्तरतो. आर्थिक अहवालांवरच्या अंतर्गत नियंत्रणांबद्दल स्वतंत्र मत द्यायला लावणारं कलम १४३(३)(आय) कंपनी कायदा, २०१३ मधलं आहे. ॲसेट मॅनेजमेंट कंपनीला, म्हणजे फंड चालवणाऱ्या फंड हाऊसला, ते लागू होतं. म्युच्युअल फंड मात्र ट्रस्ट आहे, त्यामुळे योजनेच्या ऑडिटरला या कलमाखाली मत द्यावं लागत नाही. यावरून ‘योजनेत नियंत्रणं तपासायची गरज नाही’ असा अर्थ काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. एसए ३१५ या ऑडिटिंगच्या मानकाप्रमाणे (एसए) नियंत्रणं समजून घ्यावीच लागतात. आणि ३१ मार्चचा ताळेबंद पैशापैशाने जुळला तरी मधल्या एखाद्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं त्या दिवसाचं मूल्य, चुकलेली असू शकते. त्या दिवशी युनिट विकून बाहेर पडलेल्या माणसाचं नुकसान वर्षअखेरच्या ताळेबंदात दिसतच नाही.

एनएव्हीसाठी आकडे चार ठिकाणांहून येतात: डीलरचे सौदे, शेअर-रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियनकडची शिल्लक, भावांच्या फाइल्स आणि गुंतवणूकदारांचा हिशोब ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडची युनिटं. बाजार बंद झाल्यावर फंड अकाउंटंट हे सगळं एकत्र करतो, त्या दिवसापर्यंतचा खर्च लावतो आणि रात्रीच ॲम्फीच्या (म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या) संकेतस्थळावर आकडा जातो. काम घाईचं असतं. आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथेच आपण बसायचं.

बोनसचं उदाहरण जरा सावकाश पाहू. योजना ५०० कोटींची, त्यात एका शेअरमध्ये २० कोटी. त्या कंपनीने एकास एक बोनस दिला. एक्स-डेटला, म्हणजे शेअर बोनसच्या हक्काशिवाय विकला जाऊ लागतो त्या दिवशी, भाव निम्म्यावर आला. बोनसची नोंद त्याच दिवशी झाली नाही तर २० कोटींचे १० कोटी दिसतात आणि एनएव्ही २ टक्क्यांनी खाली जाते. त्या दिवशी ५ कोटी मूल्याची युनिटं विकली गेली असतील तर त्या लोकांच्या हातात साधारण १० लाख कमी पडले. त्याच दिवशी आत आलेल्यांना युनिटं जास्त मिळाली, ती जुन्या गुंतवणूकदारांच्या खिशातून. सेबीच्या १९९६ च्या नियमावलीतल्या आठव्या परिशिष्टाने यासाठी रेषा आखली होती: व्यवहाराची नोंद न झाल्यामुळे एनएव्हीत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक पडला, तर फरकाची रक्कम भरून द्यायची.

आता खरी मेख. एक्स-डेटला कस्टोडियनच्या डीमॅट शिल्लकेत बोनसचे शेअर आलेलेच नसतात, ते नंतर जमा होतात. म्हणजे त्या दिवशी पुस्तकं बरोबर असतील तर रेकॉनमध्ये (पुस्तकं आणि कस्टोडियनची शिल्लक यांच्या ताळ्यात) फरक दिसलाच पाहिजे, आणि तो ‘बोनस येणे’ म्हणून समजावलेला असला पाहिजे. फरक शून्य असेल तर नोंद राहिलेली आहे! स्वच्छ रेकॉन बघून टिक मारणारा ऑडिटर नेमका इथे फसतो. ‘दोन स्रोतांवरून पडताळणी होते’ असं उत्तर मिळालं की ते स्रोत कोणते हेही विचारा. कस्टोडियन आणि फंड अकाउंटंट दोघेही एकाच पुरवठादाराची फाइल वापरत असतील तर स्रोत एकच आहे. शेअर बाजाराच्या सूचनेशी थेट ताळा घेतला जातो का, ते बघा.

रोखे-योजनांमध्ये १ एप्रिल २०२० पासून अमॉर्टायझेशनवर आधारित मूल्यांकन (खरेदी किंमत आणि परतफेडीतला फरक मुदतभर रोज थोडाथोडा वाटून केलेलं) बंद झालं. दोन मूल्यांकन संस्थांच्या भावांची सरासरी घ्यायची. फंड हाऊसला त्यापासून दूर जाता येतं, पण कारण लिहून ठेवावं लागतं, संचालक आणि विश्वस्तांना कळवावं लागतं, शिवाय संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. अशा ओव्हरराइडची यादी फंड हाऊसकडून मागून घेऊ नका. सिस्टिमचा लॉग काढा आणि जाहीर केलेल्या यादीशी जुळवा. यादीत नसलेली नोंदच आपल्याला हवी असते. जोडीला, भाव बदलायचे अधिकार कोणाकोणाच्या लॉगिनला आहेत तेही तपासा. मेकर (नोंद करणारा) आणि चेकर (ती तपासणारा) दोघांचे पासवर्ड एकाच टेबलावर असतील तर ते नियंत्रण नाहीच.

रेकॉनवरच्या दोन सह्या हा पुरावा फार तोकडा आहे. फरक कधी उघडला, कोणी पाठपुरावा केला, कशाने बंद झाला, हे विचारा. ‘टायमिंग’ असा शेरा मारलेला तोच फरक सलग तीन आठवडे पुढे ओढला जात असेल तर सह्या असूनही नियंत्रण चाललेलं नाही.

रोजच्या नियंत्रणासाठी २५ दिवसांचा नमुना घ्यायची पद्धत आहे. तो घ्याच, पण एक्स-डेट, लांब सुट्टीनंतरचा दिवस, खर्चाचा दर बदलला तो दिवस असे दिवस वेगळे निवडून तपासा. दर बदलताना तो डायरेक्ट (थेट घेतलेल्या) ऐवजी रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेल्या) प्लॅनला लागणं ही नेहमीची चूक आहे.

फंड अकाउंटिंग बाहेरच्या संस्थेकडे असेल तर एसए ४०२ लागू होतं आणि एसएई ३४०२ चा, म्हणजे त्या संस्थेच्या नियंत्रणांवर तिच्या ऑडिटरने दिलेला, अहवाल हातात येतो. तो टाइप २ आहे ना, हे आधी बघा. टाइप १ मध्ये नियंत्रणं वर्षभर चालली का याची चाचणी नसते. अहवाल डिसेंबरपर्यंतचा असेल तर जानेवारी ते मार्चची चाचणी आपल्याला करावी लागते. आणि शेवटची पानं वाचा: ‘ही नियंत्रणं ग्राहकाने स्वतः चालवावीत’ अशी यादी तिथे असते. फंड हाऊसमध्ये ती कोण चालवतं, याचं उत्तर बऱ्याचदा मिळत नाही.

उणिवेचं वजन ठरवताना ‘पण चूक तर झाली नाही’ हे उत्तर चालत नाही. किती मोठी चूक निसटू शकली असती, ते मोजायचं. फंड हाऊस सांगेल की एनएव्ही निर्देशांकापेक्षा १ टक्क्याहून जास्त हलली तर आम्ही थांबून तपासतो. ठीक, बोनसच्या उदाहरणातली २ टक्क्यांची घट तिथे पकडली जाईल. पण त्याच योजनेत तो शेअर २० कोटींऐवजी अडीच कोटींचा असता तर फरक पाव टक्का, म्हणजे सव्वा कोटी रुपये, आणि तो या जाळीतून सरळ निसटतो. म्हणून ही तपासणी बोनसच्या नोंदीवरच्या नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाही, असं आपल्या कागदपत्रांत आकड्यासकट लिहायचं.